वाडा कोणाचा?



मुरुडहून कोणत्याही दिशेला थोडे आत गेले की एखाद्या गावात पडका वाडा दिसतो. समोर ढेलज, ढेलजेत दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी आणि वर माळवद. आता माळवद खाली आलेले असते, चौकात बाभळ वाढलेली असते आणि भिंतीतल्या बळदात धान्याच्या जागी पारवे राहतात. गावात कोणालाही विचारा, "हा वाडा कोणाचा?" उत्तर तयार असते, "देशमुखांचा" किंवा "पाटलांचा". थोडे आणखी बोलते केले म्हणजे कळते की तो वाडा केव्हाच दुसऱ्याला विकला गेला आहे, त्या दुसऱ्याच्या मुलांनी त्याच्या वाटण्या केल्या आहेत आणि आता तिसऱ्याच कोणाचे नाव कागदावर आहे. तरीही लोकांच्या तोंडी पहिलेच नाव राहते.

काही दिवसांपूर्वी आम्ही काही जण अशाच एका गावी एका आजारी माणसाच्या भेटीला गेलो होतो. त्या दिवशी तिथल्या वाड्याचा कोरीव सागवानी दरवाजा टेम्पोत चढवला जात होता. जुने खांब, तुळया आणि दरवाजे विकत घेणारे व्यापारी हल्ली गावोगाव फिरतात. तो माल पुढे शहरातल्या हॉटेलांत आणि बंगल्यांत जातो. वाड्याचा सध्याचा वारस पुण्याहून आला होता. तो बाजूला उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. आमच्याबरोबर आमच्या धर्मग्रामातील एक वयस्कर आजी होत्या. त्या बराच वेळ दरवाजाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या भिताडाची पांढरी माती माझ्या सासूनं डोक्यावर वाहिली. पर ह्या दारातून आत तिनं कधी पाऊल टाकलं न्हाई. दारच गेलं आता. आता कुणीबी जावं आत."

परत येताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. पण आजींचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. तो वाडा खरोखर कोणाचा होता? ज्याने बांधून घेतला त्याचा, ज्याने विकत घेतला त्याचा, की जिने माती वाहिली तिचा? आज या प्रश्नावर आपण सर्वांनी मिळून थोडा विचार करावा असे आम्हाला वाटते.

आधी थोडा इतिहास पाहू. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील काही जमीन सरकारच्या थेट ताब्यात होती, काही 'सर्फे खास' म्हणजे निजामाची खासगी होती आणि मोठा हिस्सा जहागीरदारांकडे होता. गावपातळीवर देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे वतनदार होते. जो सारा वसूल करी त्याचा वाडा मोठा, असा साधा हिशेब होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला आणि कसणाऱ्या कुळांना संरक्षण मिळाले. ज्या उत्पन्नावर वाडे उभे होते ते उत्पन्न आटले. पुढे वारस वाढले, वाटण्या झाल्या, मुले नोकरीसाठी शहरात गेली. एवढे मोठे माळवद दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती टाकून नीट करायला माणसे आणि पैसा कोठून आणणार? वाडे पडू लागले ते असे.

हे केवळ खेड्यातल्या वाड्यांचे झाले असे नाही. ज्या हैदराबादला आपल्या मुलखाचा सारा जायचा, तेथे एका टेकडीवर फलकनुमा नावाचा राजवाडा आहे. पायगा घराण्यातील नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये त्याच्या बांधकामाला सुरुवात केली. त्यांना इटालियन धाटणीचे घर हवे होते, म्हणून संगमरवरही इटलीहून आणला. घर झाले, पण खर्चाने नवाब बेजार झाले आणि ते शतक संपण्यापूर्वीच राजवाडा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडे गेला. निजामांचे राज्य गेल्यावर तो बरीच वर्षे बंद राहिला. २०१० पासून तेथे ताज समूहाचे हॉटेल आहे. पैसे मोजणारा कोणीही आता नवाबाच्या दालनात झोपू शकतो. म्हणजे आमच्या आजी म्हणाल्या तेच तेथेही झाले. फक्त तेथे आत जायला भाडे पडते.

नवाबाला ज्या इटलीचे आकर्षण होते तेथील सरदारांच्या वाड्यांची कथाही निराळी नाही. तेथे त्यांना 'व्हिला' म्हणतात. सोळाव्या शतकात आंद्रेआ पॅलाडिओ नावाच्या गवंड्याने उत्तर इटलीत व्हेनिसच्या श्रीमंतांसाठी असे अनेक व्हिला बांधले. तो खरोखरच पाथरवटाचे काम शिकून मोठा झालेला माणूस होता. चित्रांत हे व्हिला देवळासारखे देखणे दिसतात. पण त्यांतील बरेचसे मुळात शेतावरचे वाडेच होते. मध्ये मालकाचे घर, दोन्ही अंगांना कोठारे आणि गोठे, वर माळ्यावर धान्य. विचेन्झा शहराजवळच्या त्याच्या सर्वांत प्रसिद्ध व्हिलाला लोक 'रोटोंडा' म्हणतात. तो एका निवृत्त धर्माधिकाऱ्याने, पाओलो आल्मेरिको यांनी, बांधवून घेतला. ते १५८९ मध्ये वारले आणि दोनच वर्षांत व्हिला काप्रा बंधूंना विकला गेला. विसाव्या शतकात तो वाल्माराना घराण्याकडे आला. आज त्या घराच्या पूर्ण नावात तिन्ही आडनावे एकापुढे एक लिहिली जातात. जणू एखाद्या सातबाऱ्यावरचे फेरफारच. बांधणाऱ्या मजुरांची नावे मात्र त्यात नाहीत.

आणखी एक व्हिला आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, निदान नावाने. रोमच्या दक्षिणेला, तळ्याकाठच्या टेकडीवर कास्तेल गांदोल्फो आहे. पोप महोदयांचे उन्हाळी निवासस्थान म्हणून आपण ते नाव ऐकतो. पण त्या टेकडीचे मालक किती झाले ते पाहा. पहिल्या शतकात तेथे रोमन सम्राट डोमिशियन याचा व्हिला होता. हा सम्राट राजवाड्यातच आपल्या माणसांच्या हातून मारला गेला. पुढे मध्ययुगात तेथे गांदोल्फी घराण्याचा किल्ला झाला. त्यांच्यानंतर सावेल्ली घराणे आले. सावेल्लींना कर्ज फेडता आले नाही, म्हणून १५९६ मध्ये ती जागा पोपच्या खजिन्याकडे आली. १८७० मध्ये पोपचे राज्य गेले आणि सुमारे साठ वर्षे तेथे कोणी पोप राहायला गेले नाहीत. १९२९ च्या करारानंतर ती पुन्हा वापरात आली आणि शेजारची बार्बेरिनी घराण्याची जुनी व्हिलाही तिला जोडली गेली.

सम्राट, सरदार, पोप. एवढे मालक झाले. पण त्या घराची सर्वांत मोठी आठवण कोणती, असे विचारले तर आम्ही १९४४ सालाचे नाव घेऊ. दुसरे महायुद्ध रोमच्या दाराशी आले होते. आसपासच्या गावांतील हजारो निराधार माणसे, बायाबापड्या, गुरेढोरे घेऊन त्या टेकडीकडे धावली. पोप पायस बारावे यांनी दरवाजे उघडायला सांगितले. लोक जिन्यांवर आणि दालनांत झोपले. गरोदर स्त्रियांसाठी पोप महोदयांच्या खासगी खोल्या मोकळ्या केल्या आणि तेथे चाळीसच्या आसपास बाळे जन्माला आली. एवढ्या शतकांत त्या घरात कितीतरी मेजवान्या झाल्या असतील. त्यांची आज कोणाला आठवण नाही. त्या बाळांची मात्र आहे.

आपण खरे तेच बोलावे. तेथील बागाही शेकडो वर्षे सामान्य माणसाला बंद होत्या. पोप फ्रान्सिस उन्हाळ्यात तेथे राहायला गेले नाहीत. त्यांनी २०१४ मध्ये बागा आणि २०१६ मध्ये राजवाडा लोकांना पाहण्यासाठी उघडला. २०२३ मध्ये त्यांनी तेथील जमिनीवर निसर्गाची काळजी घेण्याचे आणि दुर्बल लोकांना शेतीबागकाम शिकवण्याचे केंद्र सुरू केले. पोप लिओ चौदावे २०२५ च्या उन्हाळ्यात तेथे राहिले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी या केंद्राला आशीर्वाद दिला. दार एकदा उघडले म्हणजे काम संपले असे नसते. प्रत्येक पिढीला ते पुन्हा उघडावे लागते.

आता आपल्या जिल्ह्यातील एक आठवण. ती लिहिताना आजही हात जड होतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे चार वाजायला चारपाच मिनिटे असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. मारले ते भूकंपापेक्षा घरांनी जास्त. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि माळवदावरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. ज्या भिंतींनी ऊन, थंडी, चोर आणि दरोडेखोर यांच्यापासून राखले, त्याच भिंती कोसळल्या. गावाच्या कडेला गवताने शाकारलेल्या आणि कुडाच्या झोपड्या होत्या, त्यांतली माणसे बऱ्याच ठिकाणी वाचली.

यावरून कोणी म्हणेल की देवाने श्रीमंतांना शिक्षा केली. आम्ही असे कधीही म्हणणार नाही आणि आपणही म्हणू नये. मेलेल्यांत लेकरे होती, सालगडी होते आणि दगडमातीच्या लहान घरांतली गरीब माणसेही होती. मेलेल्या लेकराच्या डोक्यावर दोष ठेवणे हे मोठे पाप आहे. आम्ही एवढेच सांगतो की ज्याला आपण 'आपले' म्हणतो ते किती थोड्या वेळात जाते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. ते आपल्याला पुस्तकातून शिकायचे नाही.

त्यानंतर पुनर्वसन झाले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे देताना जमिनीप्रमाणे तीन गट केले गेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना चारशे आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना साडेसातशे चौरस फुटांचे. सरकारने एवढ्या मोठ्या संकटात एवढे काम उभे केले याबद्दल कृतज्ञता हवीच. पण मनात एक प्रश्न येतो. भूमिहीनाच्या घरातही पाचसहा माणसे असतात. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला अवजारे, बैल, धान्य ठेवायला जागा जास्त लागते, हे खरे आहे. तरी सगळे काही मातीला मिळाल्यानंतर, पहिल्या दगडापासून सुरुवात करतानासुद्धा, आपण माणसाला त्याच्या सातबाऱ्यानेच मोजले. वाडा पडला, पण वाड्याचे माप उरले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुण्याहून आलेल्या त्या वारसाने काय पाप केले होते? काहीच नाही. आजींच्या सासूला दाराबाहेर ठेवले ते त्याने नव्हे. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. पणजोबाचा अपराध पणतूच्या माथी मारणे न्यायाचे नाही. मग आजींचे वाक्य नुसते दुःख म्हणून सोडून द्यायचे का?

आम्हाला असे वाटते की दोष वारशाने येत नाही, पण लाभ वारशाने येतो. आणि लाभ घेतला की त्याच्याबरोबरचे देणेही येते. आपल्या व्यवहारात हे सर्वांना समजते. बापाचे शेत मुलाच्या नावावर झाले की त्या शेतावरचे सोसायटीचे कर्जही त्याच्याकडे येते. "शेत माझे, कर्ज बापाचे" असे म्हणून चालत नाही. सावेल्लींचा किल्ला कर्जापायीच गेला. मात्र काही कर्जे कोणत्याच वहीत नसतात. डोक्यावर वाहिलेली माती, बिनमजुरीची राबणूक, दाराबाहेर काढलेल्या पिढ्या यांची नोंद कोणत्याही तलाठ्याकडे नाही. ही कर्जे पैशाने फिटतीलच असे नाही. पण त्या वारसाने त्या दिवशी आजींना "या, आत येऊन बघा" एवढे म्हटले असते, तर त्यातले थोडे नक्कीच फिटले असते. तो वाईट माणूस नव्हता. त्याला ते सुचले नाही, इतकेच. अनेकदा आपल्या हातून चांगले राहून जाते ते असे, न सुचल्यामुळे.

लेवीयच्या पुस्तकात पंचवीसाव्या अध्यायात ज्युबिली वर्षाचा नियम आहे. २०२५ हे वर्ष ख्रिस्तसभेने ज्युबिली म्हणून पाळले, तेव्हा त्याबद्दल आपण ऐकले आहे. पन्नासाव्या वर्षी विकलेले शेत मूळ कुटुंबाकडे परत जावे असा तो नियम होता. त्यातील एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. तटबंदीच्या नगरातील घर विकले आणि वर्षभरात सोडवून घेतले नाही, तर ते कायमचे घेणाऱ्याचे. शेताला मात्र हा नियम नव्हता. आम्ही यातून असा अर्थ घेतो की घर हातातून गेले तर माणूस दुसरीकडे राहू शकतो. पण ज्यावर पोट चालते ते कायमचे कोणाकडून काढून घेऊ नये. मालकी चालेल, पण ती दुसऱ्याच्या भाकरीपर्यंत जाऊ नये. याच हैदराबाद संस्थानात, तेलंगणातील पोचमपल्ली गावी, एप्रिल १९५१ मध्ये विनोबांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान तेथून सुरू झाले. पुढे त्या चळवळीत अनेक उणिवा राहिल्या. तरी एका माणसाने भर सभेत "माझे" म्हणणे थांबवले, ही गोष्ट खरी आहे.

इथपर्यंत वाचून आपल्यापैकी काही जण म्हणतील, "आमचा काय संबंध? आमच्याकडे कधी वाडा होताच कुठे?" बंधुभगिनींनो, आम्हीही असेच समजत होतो. आपल्यातील अनेकांचे पूर्वज वाड्याच्या आत नव्हे, बाहेर होते. पण आता दिवस बदलले आहेत. शिक्षण झाले, नोकऱ्या लागल्या, कोणी मुरुडात, कोणी लातुरात स्लॅबचे घर बांधले. छोटे का होईना, आपणही दाराच्या आतले झालो आहोत. मग स्वतःला विचारावे लागेल: आपल्या दाराबाहेर आता कोण उभे आहे?

भांडीधुणी करणाऱ्या बाईला आपण चहा कोणत्या कपात देतो? खोली भाड्याने देताना आधी आडनाव विचारतो की नाही? आणि सर्वांत जवळचे उदाहरण, आपल्या बहिणीचे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती आईवडिलांच्या मालमत्तेत मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. तरी आपल्या घरांत काय होते? वडील वारले की चाळिसाव्याच्या आत हक्कसोडपत्राचा कागद तयार होतो. "सही कर ताई, नाहीतर माहेर तुटेल," असे कोणीतरी हळूच सांगते. ताई सही करते. तिला साडी मिळते. ज्या घरासाठी तिनेही लहानपणी पाणी वाहिले, शेण सारवले, त्या घरात ती त्या दिवसापासून पाहुणी होते. आमच्यापैकी काहींनी स्वतःच्या बहिणीकडून अशा सह्या घेतल्या आहेत. हे आम्ही येथे कबूल करतो. आजींचे वाक्य मनातून गेले नाही, त्याचे खरे कारण हेच आहे.

बहिणीने राजीखुशीने वाटा सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण तो सोडण्याआधी तिला तो तिचा आहे असे कोणी स्पष्ट सांगितले का? मिळालेल्या देण्याला दान म्हणतात. न विचारता घेतल्याला दुसरे नाव आहे.

म्हणून आम्ही आपल्यापुढे दोनतीन साध्या गोष्टी ठेवतो. ज्यांच्या घरी वाटणीचा विषय आहे त्यांनी कागद करण्याआधी बहिणीला बोलवावे, तिला घरात खाली बसवून तिचा हक्क सांगावा आणि विचार करायला वेळ द्यावा. ज्यांनी सह्या आधीच घेतल्या आहेत त्यांनी एकदा तिच्याकडे जाऊन ती गोष्ट काढावी. फार उशीर झाला असेल, तरी बोलणे व्हावे. आणि ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी ज्या गवंड्याने, ज्या मजुराने ते बांधले त्याला जेवायला बोलवावे. त्याला आपल्या घरातली प्रत्येक वीट ठाऊक असते, पण बहुतेक घरांत तो वास्तू झाल्यानंतर पुन्हा कधीच आत आलेला नसतो.

सम्राटाचा व्हिला गेला, नवाबाचा राजवाडा हॉटेल झाला, देशमुखांचा दरवाजा टेम्पोत चढला. आपल्या स्लॅबच्या घराचेही एक दिवस असेच काहीतरी होईल. तेव्हा गावात कोणी विचारेल, "हे घर कोणाचे?" उत्तरात आपले नाव येईल की नाही ते आपल्या हातात नाही. पण "तिथे गेलो की माणसे आत बोलवायची" एवढे तरी लोकांनी म्हणावे, हे आपल्या हातात आहे.

येत्या आठवड्यात आपल्या घराचे दार कोणासाठी उघडायचे, हे आज मिस्सानंतर घरी जाताना ठरवावे, ही नम्र विनंती.